इमर्जन्सीतली सोनोग्राफी : 'दिसलं' आणि 'दिसलं नाही' यांत फरक असतो

रात्रपाळी (धागाकर्ता)

मागे इथल्याच एका चर्चेत कुणीतरी वैतागून लिहिलं होतं : "इमर्जन्सीत नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी स्वतःच पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, दोन मिनिटांत आवरलं, रिपोर्ट दिला नाही, आणि पुन्हा सोनोग्राफी विभागात पाठवलं. मग पहिली केली कशाला?" प्रश्न रास्त आहे. तिथे उत्तर लिहायला घेतलं ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा. मी इमर्जन्सी मेडिसिनवाला आहे, रेडिऑलॉजिस्ट नाही. इथले जाणकार रेडिऑलॉजिस्ट माझे कान उपटायला मोकळे आहेत.

यंत्र जवळपास तेच, पण काम वेगळं. विभागातल्या तपासणीत सगळे अवयव क्रमाने बघतात, मापं घेतात, लिहून देतात. खाटेशेजारी आम्ही एक प्रश्न घेऊन जातो आणि तो 'हो की नाही' अशा घाटाचा असावा लागतो. पोटात मोकळा द्रव आहे का? हृदयाभोवती पाणी आहे का? महाधमनी फुगली आहे का? "जरा पोट बघून घ्या" हा प्रश्नच नव्हे. असं सांगून प्रोब (यंत्राचा अंगावर फिरवायचा भाग) हातात दिला की माणूस वीस मिनिटं पडद्याकडे बघत बसतो आणि शेवटी "काही विशेष नाही" म्हणतो. या वाक्याइतकं धोकादायक वाक्य आमच्या विभागात दुसरं नाही.

सगळ्यात जुनं उदाहरण अपघाताचं. जर्मनी आणि जपानमधले सर्जन १९८० च्या दशकातच जखमींच्या पोटाची सोनोग्राफी स्वतः करत होते. १९९० च्या दशकात त्याला 'फास्ट' हे नाव मिळालं आणि ती जगभर पसरली. यात चार जागा बघायच्या : उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधली फट, डावीकडे प्लीहेभोवती, खाली मूत्राशयामागे, आणि छातीच्या हाडाखालून हृदयाभोवती. उताण्या माणसाच्या पोटातलं रक्त सखल भागात उतरतं, म्हणून या जागा. रक्त काळं दिसतं. नंतर यात छातीच्या दोन बाजूही आल्या, तिला 'ई-फास्ट' म्हणतात.

बीपी पडलेलं आहे, पोटाला मार आहे आणि फटीत काळी पट्टी दिसली, तर सीटीच्या खोलीत न जाता थेट ऑपरेशन थिएटरकडे. बीपी ठीक असेल आणि पट्टी दिसली तर सीटी. आणि पट्टी दिसलीच नाही तर? इथे गोम आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रुग्णांच्या पोटात द्रव हळूहळू सोडत, तो पडद्यावर कधी दिसतो हे डॉक्टरांना न सांगता तपासलं होतं. यकृताजवळच्या फटीत तो दिसायला सरासरी सहाशे मिलीलिटरच्या आसपास द्रव लागला. चारशेच्या आत ओळखणारे दहातले एक. म्हणजे अपघातानंतर पहिल्या दहा मिनिटांत 'काही नाही' दिसलेल्या पोटात अर्ध्या तासाने भरपूर काही असू शकतं. शिवाय आतडं फाटलंय, यकृताला चीर गेलीय पण रक्त अजून बाहेर सांडलेलं नाही, कटिबंधाचं हाड मोडून पोटाच्या मागच्या पडद्याआड रक्तस्राव चालू आहे : यातलं काहीच फास्ट दाखवत नाही.

आता माझा खरा मुद्दा. सोनोग्राफीत 'दिसलं' हे वजनदार उत्तर आहे आणि 'दिसलं नाही' हे हलकं. म्हणून प्रश्न असा वळवून घ्यायचा की आपल्याला हवं ते उत्तर काहीतरी *दिसण्यात* असेल. गर्भ बीजवाहक नळीत आहे का, हे शोधायला जाऊ नका. गर्भ गर्भाशयात आहे का ते बघा. तो तिथे नीट दिसला तर नळीतल्या गर्भाची शंका जवळपास मिटते. फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठली आहे का, असं विचारू नका. फुप्फुस सरकतंय का, ते विचारा. सरकताना दिसलं तर त्या जागी तरी हवा नाही. एवढी सवय लागली तर या यंत्राचे निम्मे धोके टळतात, असं माझं मत आहे. असहमतांनी जरूर लिहावं.

---

चौकस

छान धागा. डॉक्टर नसलेल्या माणसाची एक शंका. सोनोग्राफी हवेतून आरपार जात नाही असं वाचलंय. जेल लावतात ते त्यासाठीच ना? मग हवेनेच भरलेलं फुप्फुस दिसतं कसं? की आमची फिरकी घेताय?

---

रात्रपाळी

@चौकस, फिरकी नाही. तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. फुप्फुस दिसत नाहीच. दिसते ती त्याची कड, आणि कडेपलीकडे यंत्राची झालेली फसगत. ती फसगत वाचायला शिकणं हीच फुप्फुसाची सोनोग्राफी. अनेक वर्षं पाठ्यपुस्तकं सांगत होती की फुप्फुसाला सोनोग्राफीचा उपयोग नाही. फ्रान्समधले अतिदक्षता तज्ज्ञ दानिएल लिश्तेनश्तीन यांनी कचरा समजल्या जाणाऱ्या त्या फसगतीकडेच लक्ष दिलं.

दोन बरगड्यांच्या मधे प्रोब ठेवला की एक पांढरी आडवी रेघ दिसते. ती फुप्फुसाच्या आवरणाची. श्वासाबरोबर ती रेघ पुढेमागे सरकते, मुंग्या चालल्यासारखी. आवरणांच्या मधे हवा शिरली की सरकणं थांबतं. १९९५ मध्ये लिश्तेनश्तीन यांनी हे मांडलं. एम-मोड (एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारी पद्धत) लावला तर निरोगी छातीत वर लाटांसारख्या सरळ रेघा आणि खाली वाळूसारखा रवाळपणा दिसतो; हवा असेल तर वरपासून खालपर्यंत नुसत्या समांतर रेघा, बारकोड. अपघातातल्या उताण्या रुग्णाचा छातीचा एक्स-रे अशी हवा निम्म्याच्या आसपास वेळा चुकवतो, कारण हवा पुढच्या बाजूला तरंगते. सोनोग्राफी बरीच जास्त पकडते.

दुसरं म्हणजे पाणी. फुप्फुसाच्या जाळीत पाणी वाढलं की त्या कडेपासून पडद्याच्या तळापर्यंत उभे पांढरे झोत पडतात. त्यांना बी-लाइन म्हणतात. एका फटीत तीन किंवा जास्त म्हणजे लक्ष द्या. दोन्ही बाजूंना अनेक ठिकाणी असतील तर हृदय कमी पडून फुप्फुसात पाणी भरलं असण्याची शक्यता जोरात. धाप लागलेला वयस्कर माणूस, जुना दमा, जुना हृदयविकार, आणि छातीत दोन्हीचे आवाज मिसळलेले. अशा वेळी या झोतांसारखा मदतनीस नाही. २०१५ मध्ये इटलीतल्या सात इमर्जन्सी विभागांनी धाप लागलेल्या १००५ रुग्णांवर अभ्यास केला होता. नेहमीच्या तपासणीत फुप्फुसाच्या सोनोग्राफीची भर घातल्यावर हृदयविकाराची धाप ओळखण्याची अचूकता नुसत्या तपासणीपेक्षा आणि एक्स-रेपेक्षा स्पष्ट वरचढ ठरली.

---

डेसिबल

अभियांत्रिकीवाल्याला राहवत नाही म्हणून. यंत्र दोन गोष्टी गृहीत धरून चालतं : ध्वनी शरीरात सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो, आणि प्रतिध्वनी सरळ जाऊन सरळ परत आला. यातलं काही मोडलं की यंत्र खोटं बोलतं, पण अगदी ठराविक पद्धतीने.

त्वचेवरचा प्रोब आणि हवेने भरलेल्या फुप्फुसाची कड ही समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांची जोडी समजा. ध्वनी मधेच ठेचकाळत राहतो. प्रत्येक फेरीला वेळ जास्त लागतो, आणि यंत्राला वाटतं की तितक्याच अंतरावर अजून एक रेघ आहे, मग अजून एक. त्या समान अंतरावरच्या आडव्या रेघा म्हणजे ए-लाइन. त्या खोट्या आहेत, पण त्यांचं असणं खरी माहिती देतं : कडेपलीकडे हवा आहे.

प्रोबचंही तसंच. बारीक दिसायला वारंवारता जास्त हवी, पण ती लवकर शोषली जाते. म्हणून सरळ प्रोब साधारण ५ ते १२ मेगाहर्ट्झचा : शिरा, फुप्फुसाची कड, त्वचेखालचं गळू, डोळा. बाकदार प्रोब २ ते ५ चा : पोट. हृदयासाठी बरगड्यांच्या फटीत मावेल असा छोट्या तोंडाचा. हातात मावणाऱ्या नव्या यंत्रांत काही ठिकाणी ध्वनी निर्माण करणाऱ्या स्फटिकाऐवजी सिलिकॉनच्या चिपवर हजारो इवले पडदे बसवलेले असतात आणि एकच प्रोब तिन्ही कामं करतो. तिन्ही कामं सारखीच चांगली करतो असं मात्र मी म्हणणार नाही.

---

चौकस

आरशांमुळे कळलं. धन्यवाद, डेसिबल. "यंत्र ठराविक पद्धतीने खोटं बोलतं" हे आमच्या हापिसातल्या साहेबांनाही लागू आहे. (हलके घ्या.)

---

कृष्णधवल

मी रेडिऑलॉजिस्ट. आमंत्रण दिलंच आहे तर कान उपटतो.

धागाकर्त्यांचं 'दिसलं म्हणजे वजनदार' हे वाक्य मला अर्धंच मान्य आहे. न दिसलेल्या गोष्टींपेक्षा *चुकीच्या दिसलेल्या* गोष्टी मला जास्त बघाव्या लागतात. भरलेलं पोट, म्हणजे जठर, डावीकडे मोकळ्या द्रवासारखं दिसतं. मूत्रपिंडाभोवतीची चरबी दोन थरांची असली की नवख्याला ती रक्ताची पट्टी वाटते. हृदयासमोरची चरबी हृदयावरणातला द्रव म्हणून नोंदली जाते. ती हृदयाबरोबर हलते आणि पूर्ण काळी नसते, हे बघायला कुणाला सवड नसते. हृदयामागे दिसणारं पाणी हृदयावरणात आहे की डाव्या छातीत, हे ठरवायला उतरती महाधमनी शोधावी लागते : हृदयावरणातलं पाणी महाधमनीच्या पुढून जातं, छातीतलं मागे राहतं. आणि काळं दिसलं म्हणजे रक्तच असं कुठे आहे? यकृताच्या रुग्णाच्या पोटात आधीपासून पाणी असतं. मूत्राशय फुटलं तर ते मूत्र असतं. स्त्रियांच्या कटिपोकळीत थोडा द्रव नेहमीचाच.

दुसरं, चित्र जतन करा. रात्री तीनला काय दिसलं हे सकाळी मला दाखवता आलं नाही, तर ती तपासणी झालीच नाही असं मी धरतो.

तिसरं : ओझरता प्रोब फिरवताना यकृतात एखादी गाठ दिसते. "आम्ही ते बघत नव्हतो" म्हणून ती सोडून द्यायची का?

---

रात्रपाळी

कान लाल झाले, पण चित्र जतन करण्याबाबत शंभर टक्के सहमत. आमच्याकडे सहा सेकंदांची चित्रफीत जतन केल्याशिवाय नोंद लिहायची नाही असा दंडक आहे. अनपेक्षित दिसलेलं असेल तर रुग्णाला सांगायचं, लिहायचं आणि तुमच्याकडे पाठवायचं. त्याचं निदान आम्ही करायचं नाही.

चरबी आणि जठर यांच्याबद्दलही मान्य. पण एक बारीक बचाव. तुमच्यापर्यंत चुकीच्याच केस येतात. ज्या रुग्णात पट्टी दिसली आणि तो थेट थिएटरमध्ये गेला, तो तुमच्या पडद्यावर कधी येतच नाही.

---

कृष्णधवल

हा बचाव स्वीकारला. अर्धा.

---

जुना स्टेथो

मी चार दशके जनरल मेडिसिनमध्ये आहे. चर्चा वाचतो आहे. या यंत्राला माझा विरोध नाही. पण त्याने रुग्ण *वाचतात* असे जे गृहीत धरले जाते त्याला पुरावा काय?

२०१८ मध्ये अॅनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिन या नियतकालिकात शॉक-ईडी नावाची चाचणी आली. उत्तर अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेतली सहा केंद्रे, बीपी पडलेले पण कारण न कळलेले २७३ रुग्ण. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना खाटेशेजारी सोनोग्राफी, अर्ध्यांना नेहमीचे उपचार. तीस दिवसांनंतर जगलेले दोन्ही गटांत सुमारे ७६ टक्के. फरक शून्य. मुलांबद्दल २०१७ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात ९२५ जणांची चाचणी आली : पोटाला मार लागलेली पण स्थिर मुले. फास्ट केल्याने सीटीचे प्रमाण लक्षणीय कमी झाले नाही, राहण्याचा काळ किंवा खर्चही नाही. मग हा उत्साह कशाचा?

आणि एक वैयक्तिक खंत. नवीन मुले छातीला हात लावत नाहीत. गळ्याची शीर फुगली आहे का हे डोळ्यांनी दिसते, त्यासाठी प्रोब लागत नाही.

---

नवशिका_रेसिडेंट

सर, शेवटच्या मुद्द्यावर एक नम्र असहमती. गळ्याची शीर सगळ्यांत दिसत नाही. जाड मानेत, कॉलर लावलेल्या जखमीत तर नाहीच. आणि गोंगाट एवढा असतो की स्टेथो लावून स्वतःचा श्वासही ऐकू येत नाही.

बाकी दोन्ही चाचण्या मी वाचल्या नव्हत्या. वाचतो.

---

रात्रपाळी

@जुना स्टेथो सर, या दोन चाचण्यांची नावं तुम्ही काढलीत ते उत्तम, कारण आमच्या परिषदांत त्या सोयीस्करपणे विसरल्या जातात.

माझं वाचन असं. शॉक-ईडीमध्ये अपघातग्रस्त नव्हते, आणि ज्यांच्या शॉकचं, म्हणजे बीपी पडण्याचं, कारण उघड आहे तेही वगळले होते. उरलेल्यांत जंतुसंसर्गाचे पुष्कळ. त्यांच्यासाठी सोनोग्राफी सांगणार ते सलाईन आणि अँटिबायोटिक, जे नाहीतरी दिलंच असतं. हृदयावरणात पाणी, फुटलेली महाधमनी, फुप्फुसात अडकलेली मोठी गुठळी असे रुग्ण २७३ मध्ये मोजकेच पडणार, आणि फरक पडायचा तर तिथे. म्हणजे चाचणी चुकीची नाही. तिने "बीपी पडलेल्या प्रत्येकाला सोनोग्राफी केल्याने सरसकट जीव वाचतात" हा दावा खोडून काढला, आणि तो खोडायलाच हवा होता. मुलांची चाचणीही तसंच सांगते : स्थिर मुलात फास्ट हा प्रश्नच चुकीचा. तिथे सगळ्यात उपयोगी काम 'दिसलं नाही' या उत्तराकडून अपेक्षित होतं, आणि ते हलकं आहे.

उलट बाजूचं एक उदाहरण. २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात मूतखड्याचा संशय असलेल्या २७५९ रुग्णांची चाचणी आली. पहिली तपासणी म्हणून एका गटाला इमर्जन्सी डॉक्टरची सोनोग्राफी, दुसऱ्याला रेडिऑलॉजीची, तिसऱ्याला सीटी. धोकादायक निदान हुकण्याचं प्रमाण तिन्ही गटांत अगदी कमी आणि सारखंच; सोनोग्राफीने सुरुवात केलेल्यांना किरणोत्सर्ग मात्र कमी. पुढे काहींना सीटी लागलाच, पण सगळ्यांना नाही.

---

निमूट वाचक

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. मूतखड्याचा विषय निघालाय म्हणून : कंबरेत कळ आली, सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेलं दिसलं, म्हणजे खडाच ना? मग सीटी कशाला लागतो?

---

रात्रपाळी

@निमूट वाचक, बोलते झालात, बरं वाटलं. मूत्रपिंड फुगलं म्हणजे मूत्राची वाट कुठेतरी अडली. बहुतेक वेळा खडा. क्वचित दुसरं काही. त्यासोबत ताप असेल तर चित्रच बदलतं : अडलेलं आणि जंतुसंसर्ग झालेलं मूत्रपिंड ही तातडीने निचरा करण्याची गोष्ट आहे.

पण यातली सगळ्यात महत्त्वाची सूचना मूत्रपिंडाबद्दल नाहीच. साठीच्या पुढच्या माणसाला *आयुष्यात पहिल्यांदा* मूतखड्यासारखी कळ आली तर आधी महाधमनी बघायची. तिचा व्यास तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर ती फुगलेली. आणि फुटायला आलेली महाधमनी हुबेहूब मूतखड्याचं सोंग घेते, कधी डाव्या मूत्रवाहिनीवर दाब देऊन मूत्रपिंड फुगवतेही. व्यास मोजणं सोपं आहे, आमच्यासारखे लोकही ते फार अचूक करतात. मात्र ती *फुटली* आहे का हे सोनोग्राफी सांगत नाही, कारण रक्त मागच्या पडद्याआड जातं. फुगलेली महाधमनी अधिक दुखणं अधिक पडलेलं बीपी, एवढं पुरे, सर्जनला फोन.

आणि आतड्यातल्या हवेमुळे महाधमनी दिसलीच नाही तर? मग उत्तर 'नाही' नव्हे. उत्तर 'कळत नाही'. नोंदीत तसंच लिहायचं. हे तिसरं उत्तर लिहायला लोकांना लाज वाटते, का कोण जाणे.

---

पहिली_शीर

इमर्जन्सीत सिस्टर आहे. सगळे निदानावर बोलताय, आमच्या सोयीचंही लिहा. शीर न मिळणाऱ्या रुग्णाला, डायलिसिसवाले, केमोवाले, सुजलेले, सोनोग्राफीखाली दंडातली खोल शीर मिळते. आमच्यातल्या काही जणी शिकल्या आहेत आणि डॉक्टर आम्हाला बोलावतात. गळ्याच्या मोठ्या शिरेत नळी घालताना तर ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००२ मध्येच सोनोग्राफीची शिफारस केली होती.

आता तक्रारी. जेल पुसा. प्रोब वापरल्यावर निर्जंतुक करा, पुढच्या रुग्णाच्या उघड्या जखमेवर तोच लागतो. वायर जमिनीवर लोळवू नका.

आणि हृदय थांबलेल्या रुग्णात प्रोब घेऊन मधे मधे येऊ नका. छातीवर दिला जाणारा दाब थांबवून सगळे पडद्याकडे बघत बसतात. मी मोठ्याने आकडे म्हणते. दहा म्हटलं की दाब सुरू, कुणाचं काही दिसायचं राहिलं असेल तरी.

---

रात्रपाळी

सिस्टर, तुम्ही मोजता ते अगदी बरोबर. २०१७ मध्ये रिससिटेशन या नियतकालिकात मोजमाप आलं : नाडी तपासायला घेतलेला थांबा सोनोग्राफी नसताना सरासरी १३ सेकंद, सोनोग्राफी असताना २१. दहाच्या आत असायला हवा. म्हणजे मदतीला आणलेल्या यंत्राने मेंदूचं रक्त आठ सेकंद जास्त थांबवलं.

यावर उपाय आहे. दाब चालू असतानाच प्रोब छातीच्या हाडाखाली ठेवून हृदय शोधून ठेवायचं. थांबा झाला की फक्त चित्रफीत घ्यायची, मत द्यायचं नाही. दाब पुन्हा सुरू झाल्यावर ती बघायची. आणि प्रोब धरणाऱ्याने टीमचं नेतृत्व करायचं नाही, दोन्ही एकाच माणसाला जमत नाहीत.

बघायचं काय? २०१६ च्या रिझन अभ्यासात, विजेचा धक्का देऊन उपयोग नाही अशा लयीत हृदय थांबलेले ७९३ रुग्ण होते. सोनोग्राफीत हृदय किंचित हलत होतं त्यांच्यातले ३.८ टक्के घरी गेले. अजिबात हलत नव्हतं त्यांच्यातले ०.६ टक्के. आकडे दोन्हीकडे लहानच, पण हलणाऱ्या हृदयात कारण शोधायचा हुरूप राहतो, कारण हृदयावरणातलं पाणी काढता येतं.

---

जुना स्टेथो

०.६ म्हणजे शून्य नाही, हे नवशिक्यांनी लक्षात ठेवावे. हलत नाही म्हणून उपचार थांबवा, असा नियम त्यातून निघत नाही.

---

रात्रपाळी

अगदी. वय, किती वेळ झाला, कुणी आधी दाब दिला होता का, हे सगळं धरून ठरतं.

---

नवशिका_रेसिडेंट

सर, आमच्या वॉर्डात सगळे पोटातली मोठी शीर, म्हणजे अधोमहाशिरा, बघून सलाईन ठरवतात. बारीक आणि कोलमडणारी दिसली की अजून एक बाटली. बरोबर आहे का?

---

रात्रपाळी

माझं मत इथे जरा तिखट आहे. त्या शिरेची रुंदी आणि श्वासाबरोबर होणारी तिची घट यावरून हृदयाच्या उजव्या कप्प्यातला दाब अंदाजे सांगता येतो : २१ मिलीमीटरच्या आत आणि श्वास आत घेताना निम्म्याहून जास्त आकसली तर दाब कमी, उलट असेल तर जास्त. पण 'दाब कमी आहे' आणि 'सलाईनने फायदा होईल' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. निरोगी माणसाचीही शीर कोलमडते, त्याला कुणी सलाईन लावत नाही. जोरात धापा टाकणाऱ्याची जास्तच कोलमडते. व्हेंटिलेटरवर सगळं उलटंपालटं. दोन टोकांना तिचा उपयोग आहे : अगदी चिकटलेली, किंवा फुगून जराही न हलणारी. मधल्या सगळ्या रुग्णांत तिच्याकडे बघून मी काहीच ठरवत नाही. फुप्फुसात बी-लाइन वाढायला लागल्या की मात्र बाटली थांबवतो.

---

कृष्णधवल

यावर पूर्ण सहमत. नोंद घ्यावी, असं वारंवार होत नाही.

गर्भाच्या मुद्द्यावर मात्र भर घालतो. "गर्भाशयात दिसला की शंका मिटली" हे नैसर्गिक गर्भधारणेत चालेल. आयव्हीएफ झालेल्या स्त्रीत एक आत आणि एक नळीत असं सापडतं, तिथे मिटवू नका. आणि गर्भाशयात नुसती काळी पोकळी दिसली म्हणजे गर्भ नव्हे. निदान पिवळ्या पिशवीचं (योक सॅकचं) वलय आत दिसायला हवं. पोकळी फसवी असू शकते. उलट, गर्भधारणेची चाचणी सकारात्मक, गर्भाशय रिकामं, आणि यकृताजवळच्या फटीत द्रव, असं असेल तर मला बोलवत बसू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना बोलवा.

---

रात्रपाळी

ही दुरुस्ती महत्त्वाची, धाग्यात वर जोडता येत नाही म्हणून इथेच अधोरेखित करतो. तसाच एक अपवाद फुप्फुसाचा : *न सरकणं* म्हणजे हवाच असं नाही. श्वासनळीतली नळी उजवीकडे खोल गेली की डावं फुप्फुस सरकत नाही. जुनी चिकटलेली आवरणं, फुप्फुसातले हवेचे मोठे फुगे, दाट न्यूमोनिया, यांतही नाही. म्हणून न सरकणाऱ्या छातीत दोन गोष्टी शोधतो. एक, हृदयाच्या ठोक्याबरोबर ती रेघ थरथरते का. थरथरली तर हवा नाही. दोन, सरकणं आणि न सरकणं यांची सीमा जिथे दिसते ती जागा. ती सापडली तर हवा नक्की. रुग्ण कोसळत असेल तर अर्थात शोधत बसायचं नाही, सुई.

---

नवशिका_रेसिडेंट

शिकायचं कसं? किती केल्यावर येतं असं म्हणायचं?

---

रात्रपाळी

अमेरिकन इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक प्रकारासाठी २५ ते ५०, तपासून घेतलेल्या, असा आकडा आहे. 'तपासून घेतलेल्या' यावर जोर. चुका न दाखवता केलेल्या दोनशेंनी फक्त चुकीचा हात बसतो.

माझ्याकडून दोन. निरोगी माणसांवर भरपूर करा. नेहमीचं कसं दिसतं हे हातात बसल्याशिवाय बिघडलेलं ओळखू येत नाही. आणि प्रोब उचलण्याआधी प्रश्न कागदावर लिहा, उत्तर 'हो' आलं तर काय करणार आणि 'नाही' आलं तर काय करणार, तेही. दोन्हीकडे एकच लिहिलं गेलं तर प्रोब ठेवून द्या.

---

डेसिबल

अवांतर : आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अंतराळवीरांनी, डॉक्टर नसताना, जमिनीवरून सूचना घेत एकमेकांची फास्ट करून दाखवली होती. २००५ मध्ये त्यावर लेख आला. तिथे 'सखल भाग' नावाची गोष्टच नाही, तेव्हा द्रव कुठे साठणार हाच मोठा प्रश्न.

---

चौकस

तिथे जेल कसं पुसतात, सिस्टरांना विचारा.

---

नवशिका_रेसिडेंट

सर, शेवटचा प्रश्न. हृदय थांबलेल्या रुग्णात उजवा कप्पा मोठा दिसला. म्हणजे फुप्फुसात गुठळी, गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं ना?

---

रात्रपाळी

फक्त त्यावरून नाही. हृदय थांबलं की कुठल्याही कारणाने उजवा कप्पा काही मिनिटांत फुगतो. रक्त शिरांच्या बाजूला साचतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ऑक्सिजन कमी करून किंवा लय बिघडवून थांबवलेल्या हृदयांतही तो फुगलेला दिसला आहे. पायाच्या शिरा दाबून बघा. मांडीची किंवा गुडघ्यामागची शीर प्रोबने दाबली आणि मिटली नाही, म्हणजे गुठळी *दिसली*, तर मग पारडं जड. त्याआधीची हकिगतही विचारा : नुकतं ऑपरेशन, पाय सुजलेला, अचानक धाप. हृदय चालू असलेल्या रुग्णात फुगलेला उजवा कप्पा जास्त बोलतो, पण तिथेही जुना फुप्फुसविकार आहे का बघा. त्यात कप्प्याची भिंत जाड असते.

आणि उलट : उजवा कप्पा नेहमीसारखा दिसला म्हणून गुठळी नाही असं म्हणू नका. लहान आणि मध्यम गुठळ्या त्याला हलवतही नाहीत.

---

कृष्णधवल

डोळ्याचं कुणी काढलं नाही म्हणून जाता जाता. पडदा सुटलाय का बघायला खाटेशेजारी सरळ प्रोब उत्तम चालतो. पापणी मिटलेली, भरपूर जेल, हात गालावर टेकवून, जेलवर प्रोब तरंगता ठेवून, जराही दाब न देता. मार लागून डोळा फुटल्याचा संशय असेल तर प्रोब ठेवूच नका. सीटी मागा, आणि मी आहेच.